अहवालात तक्ते भरपूर, पण नाव शोधायला जागा नाही

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून कळवा, दिघा, रबाळे, महापे, तुर्भे अशा क्रमाने बेलापूरपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यातील लहान आणि मध्यम कंपन्यांची हिशेब पाहण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलली आहे. पूर्वी महिनाअखेरीस विक्री, येणी आणि शिल्लक मालाचे छापील कागद मालकाच्या टेबलावर जात. आता त्यांची जागा संगणकावरच्या आणि मोबाइलवरच्या अशा अहवालांनी घेतली आहे, ज्यात एखाद्या विभागावर बोट ठेवले की बाकीचे सगळे तक्ते त्या विभागापुरते बदलतात. असे अहवाल तयार करण्याचे मायक्रोसॉफ्टचे साधन, पॉवर बीआय, जुलै २०१५मध्ये सर्वांसाठी खुले झाले. टॅब्लो त्याच्याही आधीपासून होते, आणि गुगलचे लुकर स्टुडिओ फुकट असल्यामुळे अगदी दोन गाळ्यांच्या कारखान्यातही ते आढळते. या बदलाचे मी स्वागतच करतो. नवी मुंबईतील एका वितरण कंपनीत येणी आणि माल-परतीचा हिशेब पाहणे हे माझे काम असल्यामुळे असे अहवाल माझ्यासमोर दिवसभर उघडे असतात, आणि त्यांच्यातील एका उणिवेकडे आपल्या पत्राद्वारे उद्योजकांचे व अहवाल तयार करून देणाऱ्या मंडळींचे लक्ष वेधावे, असे मला वाटते. ही उणीव म्हणजे मजकूर टाइप करून हवी ती पार्टी (म्हणजे ग्राहक), हवा तो माल किंवा हवे ते चलन (मालासोबतचा कागद) शोधण्याची सोय, ज्याला कार्यालयात सगळे ‘सर्च बॉक्स’ म्हणतात, ती बहुतेक अहवालांत नसते, आणि असली तरी पुरेसा विचार करून ठेवलेली नसते.

असे अहवाल बहुधा मालकाच्या किंवा विक्रीप्रमुखाच्या नजरेतून आखले जातात. त्यांना एकूण चित्र हवे असते, म्हणजे या तिमाहीत विक्री किती वाढली, कोणत्या विभागाची वसुली अडकली आणि कोणता माल पडून आहे; त्यासाठी स्तंभालेख, नकाशे आणि रंगीत आकडे उत्तम आहेत. पण त्याच अहवालाचा दिवसभर वापर करणारा माणूस वेगळाच असतो. तो फोन उचलणारा असतो. पलीकडून एखादा औषध दुकानदार सांगतो की ‘साई मेडिकलमधून बोलतोय, गेल्या आठवड्यातल्या परतीची क्रेडिट नोट अजून आली नाही’, आणि फोन चालू असतानाच ती पार्टी, तिचे लेजर, म्हणजे खाते, आणि ते चलन समोर यावे लागते. अहवालात पार्ट्यांची उतरती यादी असते आणि प्रत्येक नावापुढे खूण करण्याचा चौकोन असतो. यादी चाळीस नावांची असेपर्यंत काही बिघडत नाही. समजा ती चार हजारांची झाली, तर उंदीर फिरवत बसण्यापलीकडे हातात काही राहत नाही. जुन्या पेढ्यांच्या खतावणीला सुरुवातीस अक्षरवार अनुक्रमणिका असे आणि मुनीम तिच्यावरून नेमक्या पानावर जात असे. खतावणी संगणकात गेली आणि अनुक्रमणिका मात्र बाहेरच राहिली, असे काहीसे झाले आहे.

यावर लोकांनी काढलेला उपाय मला मूळ उणिवेपेक्षा अधिक घातक वाटतो. अहवालातील तक्ता एक्सेलमध्ये उतरवून घ्यायचा आणि तिथे शोध घ्यायचा, हा तो उपाय. एक्सेलच्या फिल्टरमध्ये २०१०च्या आवृत्तीपासून शोधाची चौकट आहे आणि ती सगळ्यांच्या हातवळणी पडलेली आहे, म्हणून हे स्वाभाविकही आहे. परंतु उतरवलेली प्रत त्याच क्षणी जुनी होऊ लागते. ती व्हॉट्सॲपवर फिरते, तिच्यावरून वसुलीचे फोन केले जातात आणि दुपारी पैसे भरलेल्या पार्टीला संध्याकाळी तगाद्याचा फोन जातो. शिवाय अशा उतरवणीला मर्यादा असते: पॉवर बीआयमधून साध्या सीएसव्ही फाइलमध्ये जास्तीत जास्त ३०,००० आणि एक्सेल फाइलमध्ये १,५०,००० ओळी येतात. मोठ्या कंपनीचे वर्षभराच्या बिलांचे तपशील यापलीकडे सहज जातात. मग शोधणाऱ्याला बिल सापडत नाही आणि ते बिल झालेच नाही, असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात ते उतरवणीतून कापले गेलेले असते. ज्या अहवालासाठी कंपनीने पैसे मोजले, त्याच्या बाहेर जाऊन लोक काम करत असतील, तर तो अहवाल कितीही देखणा असला तरी अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोय मुळात उपलब्धच नाही, असेही नाही. पॉवर बीआयमध्ये निवडीच्या यादीला, म्हणजे स्लायसरला, स्वतःची शोधचौकट असते. ती यादीच्या कोपऱ्यातील तीन टिंबांच्या मेनूतून सुरू करावी लागते आणि अहवाल करणारे ती सुरू करायला विसरतात, एवढेच. बाजूच्या फिल्टर पट्टीत ‘हा मजकूर असलेले’, ‘या मजकुराने सुरू होणारे’, ‘हा मजकूर नसलेले’ अशा अटी घालता येतात आणि अशा दोन अटी ‘आणि’ किंवा ‘किंवा’ने जोडताही येतात, मात्र ही पट्टी पुष्कळदा वाचकांसाठी लपवून ठेवलेली असते, कारण तिच्यामुळे पान गजबजलेले दिसते. मायक्रोसॉफ्टनेच दिलेले ‘टेक्स्ट फिल्टर’ नावाचे वेगळे साधन अहवालात जोडता येते, ज्यात शब्द टाइप करून एंटर दाबला की संपूर्ण पान त्या शब्दापुरते गाळले जाते, म्हणजे फक्त त्याच्याशी जुळणाऱ्या नोंदी उरतात. आणि २०२४च्या अखेरीस मजकूर टाइप करण्याचा स्लायसर मूळ प्रणालीतच चाचणी स्वरूपात दाखल झाला. टॅब्लोमध्ये ‘वाइल्डकार्ड’ जुळणीचा फिल्टर आहे, लुकर स्टुडिओमध्ये ‘इनपुट बॉक्स’ आहे. म्हणजे प्रश्न साधनाचा उरलेला नाही, तर साधन कुठे आणि कसे बसवायचे, याचा आहे.

यादीत शोधून खूण करणे आणि मजकुराने थेट गाळणे या दोन्ही गोष्टी वरवर पाहता सारख्या वाटतात. त्यांतील फरक मात्र कामाच्या ठिकाणी फार मोठा ठरतो. मी यादीत ‘साई’ टाइप करून समोर आलेल्या नऊ पार्ट्यांवर खुणा केल्या आणि तो देखावा जपून ठेवला, तर पुढच्या महिन्यात उघडलेले दहावे ‘साई’ नावाचे दुकान त्यात येणार नाही, कारण मी नावे निवडली होती. मजकुराच्या अटीने गाळले असते, तर दहावे दुकान आपोआप आले असते, कारण तिथे नियम जपला जातो. एका समूहाच्या सर्व शाखांची येणी दर महिन्याला एकत्र पाहायची असतील, तर नियम हवा. एका विशिष्ट पार्टीचे लेजर पाहायचे असेल, तर निवड हवी. ही गरज कोणती आहे, हे अहवाल करणाऱ्याने वापरणाऱ्याला विचारले पाहिजे, आणि माझ्या अनुभवात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

आता या भागातील नावांकडे वळतो, कारण खरी गंमत आणि खरी अडचण तिथेच आहे. ‘हा मजकूर असलेले’ ही अट फार उदार असते. ‘साई’ टाइप केले की श्री साई, ओम साई, साईकृपा, साईनाथ हे सगळे तर येतातच, पण ‘देसाई’देखील येतात, आणि नावे रोमन लिपीत भरलेली असतील, तर वसईचे सगळे दुकानदारही त्यात येऊन बसतात. ‘कोपर’ टाइप केले, तर कोपरखैरणे येते, ठाणे पूर्वेची कोपरी येते, वाशीजवळची कोपरी येते आणि डोंबिवलीजवळचे कोपर स्थानकही येते. कोपरी नावाच्या या दोन्ही ठिकाणांची अदलाबदल झाली की माल खाडीच्या चुकीच्या बाजूला पोहोचतो.

याहून मोठा घोटाळा ‘ठाणे’ या शब्दाने होतो. नवी मुंबई महापालिकेचे क्षेत्र ठाणे जिल्ह्यातच असल्यामुळे वाशी, नेरूळ किंवा ऐरोली येथील पत्त्याच्या शेवटी ‘जिल्हा ठाणे’ असे लिहिण्याची पद्धत आहे; आणि रबाळे, महापे, तुर्भे येथील असंख्य कारखान्यांचा पत्ताच ठाणे-बेलापूर रस्ता असा असतो. त्यामुळे पत्त्याच्या रकान्यात ‘ठाणे’ शोधून ठाणे शहरातील विक्री काढली, तर अर्धी नवी मुंबई तिच्यात मिसळते, आणि आकडा मोठा दिसत असल्यामुळे कोणी शंकाही घेत नाही. अशा वेळी शोध पूर्ण पत्त्यावर लावणे हीच मुळातली चूक असते. पत्त्यातून शहर किंवा विभाग वेगळ्या रकान्यात काढून शोध त्या रकान्यावर ठेवायला हवा.

पिनकोडवरून विभाग ओळखू, असे कोणी म्हणेल. तेही करता येते, पण जपून. वाशी ४००७०३, ऐरोली ४००७०८, कोपरखैरणे ४००७०९ हे पाहून ‘४००७ने सुरू होणारे म्हणजे नवी मुंबई’ अशी अट घातली, तर खुद्द बेलापूर बाहेर राहते, कारण त्याचा पिनकोड ४००६१४ आहे आणि त्याची सुरुवात ठाण्याच्या पिनकोडांसारखी होते. स्थानिक माणसाला हे ठाऊक असते. बंगळुरूत किंवा पुण्यात बसून अहवाल करणाऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून ते त्याला सांगणे हे आपले काम आहे.

अंकांच्या रकान्यांची आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. पिनकोड, एचएसएन क्रमांक (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक), मालवाहतुकीच्या ई-वे बिलाचा बारा अंकी क्रमांक हे दिसायला आकडे असले, तरी त्यांची बेरीज कोणी करत नाही. व्यवहारात ती नावेच आहेत. पण माहिती आत घेताना प्रणाली आपण होऊन त्यांना संख्या समजते, आणि मग दोन गोष्टी बिघडतात. संख्येच्या रकान्यावर ‘याने सुरू होणारे’ अशी अट घालता येत नाही, ‘यापेक्षा मोठे’ आणि ‘यापेक्षा लहान’ एवढेच पर्याय मिळतात. आणि सुरुवातीचे शून्य गळून पडते. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीशी व्यवहार असणाऱ्यांना याचा फटका हमखास बसतो, कारण कांदा-लसणाचा एचएसएन ०७०३, बटाट्याचा ०७०१ आणि हळदीचा ०९१० असा शून्यानेच सुरू होतो. शून्य गेले की ०७ने शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. उपाय अगदी साधा आहे: माहिती घेतानाच हे रकाने मजकूर म्हणून घ्यावेत. त्याचबरोबर अशा क्रमांकांसाठी ‘हा मजकूर असलेले’ ही अट न ठेवता ‘याने सुरू होणारे’ ही ठेवावी, कारण औषधांसाठी एचएसएनमधील प्रकरण ३० शोधताना, मधेच किंवा शेवटी ३० हे अंक असलेला ८४३०सारखा यंत्रसामग्रीचा क्रमांकही यादीत घुसतो.

याच्या नेमकी उलट बाब जीएसटी क्रमांकाची आहे, आणि मजकूर-शोधाचा मला सर्वाधिक उपयोग तिथेच झालेला आहे. पंधरा अक्षरांच्या या क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. तिसऱ्या ते बाराव्या स्थानापर्यंत त्या व्यापाऱ्याचा पॅन असतो. त्यामुळे ‘२७ने सुरू होणारे’ अशी अट घातली की राज्यातील पार्ट्या मिळतात, आणि पॅनची दहा अक्षरे टाकून ‘हा मजकूर असलेले’ ही अट लावली की एकाच पॅनखाली महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकात वेगवेगळ्या नावांनी नोंदवलेली सगळी खाती एकत्र दिसतात. एका शाखेची उधारी थकलेली असताना दुसऱ्या शाखेला नवा माल सोडला जाणे, हा आमच्या व्यवसायातील नेहमीचा प्रकार आहे. नावांवरून तो कधीच पकडता येत नाही, पॅनवरून क्षणात पकडता येतो. न्हावा-शेवा बंदराशी काम असणाऱ्यांना हेच कंटेनर क्रमांकाबाबत सांगता येईल. चार अक्षरे, सहा अंक आणि एक तपासणी अंक अशा अकरा स्थानांच्या त्या क्रमांकाचा शेवटचा तुकडाच फोनवर सांगितला जातो, म्हणून तिथे ‘याने सुरू होणारे’ ही अट निरुपयोगी ठरते. गाड्यांच्या क्रमांकांचे दुखणे आणखी निराळे आहे: एमएच-४३ कोणी जोडरेघेने लिहितो, कोणी जागा सोडून, कोणी सलग, आणि संगणकाच्या दृष्टीने या तीन वेगळ्या गोष्टी असतात. शोधासाठी म्हणून एक वेगळा रकाना करून त्यातील जोडरेघा आणि मोकळ्या जागा काढून टाकल्या, तर हा प्रश्न उरत नाही.

किंबहुना असा एक स्वतंत्र शोध-रकाना प्रत्येक पार्टीसाठी असावा, असे मी सुचवेन. त्यात पार्टीचे पूर्ण नाव, बोलण्यातले नाव, विभाग, पिनकोड आणि जीएसटी क्रमांक एकापुढे एक जोडलेले असावेत आणि पानावरची एकमेव शोधचौकट त्या रकान्याला बांधलेली असावी. मग फोनवर जे काही कानावर पडेल, ते टाइप करता येते. कोणता तपशील कोणत्या चौकटीत टाकायचा, हा विचार करावा लागत नाही. ‘बोलण्यातले नाव’ हा भाग मी मुद्दाम घातला आहे, कारण बिलावरचे नाव आणि बाजारातले नाव यांचा अनेकदा काडीचाही संबंध नसतो, आणि ही माहिती कोणत्याही प्रणालीत नसून जुन्या विक्रेत्यांच्या डोक्यात असते. त्यांच्यापैकी कोणी निवृत्त होण्याआधी ती उतरवून घेतलेली बरी.

मराठीत भरलेल्या माहितीचा विचार तर जवळजवळ कोणीच करत नाही. लहान दुकानदारांची नावे, चलनावरचे शेरे, माल परत करण्याची कारणे पुष्कळ ठिकाणी आता देवनागरीत लिहिली जातात, आणि ती लिहिली जावीत, या मताचा मी आहे. पण शोधणारी प्रणाली अक्षरांचे रूप पाहत नाही, त्यांचे क्रमांक पाहते. ‘ॲग्रो’ या शब्दातील पहिले अक्षर काही कळफलक एकसंध देतात, तर काही ठिकाणी अ वर चंद्र जोडून ते तयार होते. ते एकसंध अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, २००८च्या सुमारास आले, त्यामुळे त्याआधीची माहिती दुसऱ्या पद्धतीची असते. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात, पण एकाने शोधले तर दुसरे सापडत नाही. ‘कऱ्हाडकर’मधील अर्ध्या र चेही तेच आहे. अंबरनाथ अनुस्वाराने लिहायचे की म जोडून, अंक देवनागरी वापरायचे की इंग्रजी, या प्रत्येक ठिकाणी शोध फसू शकतो. कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये साठवलेली माहिती असेल, तर ती आधी रूपांतरित केल्याशिवाय मराठीत शोधताच येणार नाही, कारण तिच्यात मुळात रोमन अक्षरेच साठवलेली असतात.

शेऱ्यांच्या रकान्यात विभक्तीचाही विचार करावा लागतो. ‘ठाणे’ टाइप केले की ‘ठाण्याचा माल फुटका निघाला’ हा शेरा येत नाही. ‘ठाण’ एवढेच टाइप केले तर येतो. वापरणाऱ्यांना ही युक्ती शिकवली पाहिजे आणि शोधचौकटीच्या शेजारी ‘शब्दाचा सुरुवातीचा भागच लिहा’ अशी छोटी सूचना ठेवली पाहिजे. इंग्रजीतील लहान-मोठ्या अक्षरांची अडचण त्या मानाने किरकोळ आहे, कारण पॉवर बीआय सर्वसाधारणपणे त्यांत भेद करत नाही. फक्त सूत्रे लिहिणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की ‘सर्च’ हे सूत्र तो भेद करत नाही आणि ‘फाइंड’ करते.

शोधचौकट बसवल्यावर एक नवीन धोका उभा राहतो आणि तो लपवून ठेवणे योग्य होणार नाही. चौकटीत राहून गेलेला मजकूर अहवालातील सगळे आकडे मुकाट्याने कमी करतो. पॉवर बीआयचा अहवाल संकेतस्थळावर उघडल्यावर वापरणाऱ्याची मागच्या वेळची निवड जशीच्या तशी लक्षात ठेवतो. संध्याकाळी कोणी ‘साई’ टाकून अहवाल बंद केला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दिसणारी एकूण विक्री फक्त त्या दुकानांची असते, आणि बैठकीत तोच आकडा वाचून दाखवला जाऊ शकतो. म्हणून पानाच्या शीर्षकातच ‘सध्या अमुक मजकुरापुरते’ असे ठळकपणे उमटले पाहिजे आणि शेजारी सर्व गाळण्या काढून टाकणारे बटण असले पाहिजे. तसेच काहीच जुळले नाही, तर तक्ते नुसते रिकामे होतात, आणि रिकामा तक्ता म्हणजे विक्री शून्य, असा अर्थ घेतला जातो. ‘या मजकुराची पार्टी सापडली नाही’ आणि ‘या पार्टीची विक्री झाली नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. अहवालाने ती शब्दांत वेगळी करून सांगितलीच पाहिजेत. एका छोट्या सूत्राने हे काम होते, आणि ते न करण्याला आळसाखेरीज दुसरे कारण मला दिसत नाही.

अहवाल करणाऱ्यांची नेहमीची हरकत अशी असते की शोधामुळे अहवाल मंदावतो. या हरकतीत अर्धे तथ्य आहे. माहिती पॉवर बीआयच्या स्मरणात आधीच भरून घेतलेली असेल, तर प्रत्येक रकान्यातील वेगवेगळ्या मूल्यांचा कोश तिथे एकदाच साठवलेला असतो. शोध पार्ट्यांच्या मूळ यादीवर लावला, तर बिलांच्या लाखो ओळी धुंडाळण्याऐवजी काही हजार नावे पाहिली की काम भागते, आणि वेळ जाणवतही नाही. अहवाल प्रत्येक वेळी थेट डेटाबेसला प्रश्न विचारणारा असेल, तर मात्र ‘मधे कुठेही हा मजकूर असलेले’ अशा शोधाला डेटाबेसच्या सूचीचा (इंडेक्सचा) नीट उपयोग करून घेता येत नाही, सगळ्या ओळी तपासाव्या लागतात आणि बिलाच्या प्रणालीवरही ताण येतो. तिथे ‘याने सुरू होणारे’ अशी अट ठेवावी, किंवा निदान पार्ट्यांची यादी तरी स्मरणात भरून घ्यावी. चूक बहुतेक वेळा अशी झालेली असते की शोध बिलांच्या तक्त्यातील नावाच्या रकान्याला जोडलेला असतो आणि मग शोधालाच दोष दिला जातो.

दुसरी हरकत गोपनीयतेची आहे आणि ती मला अधिक वजनदार वाटते. यादी लांबलचक असताना कोणी दुसऱ्याच्या विभागातील पार्टी सहसा शोधत बसत नाही. चौकट आली की दोन अक्षरांत कोणाचेही लेजर उघडते. गाळणे म्हणजे कुलूप नव्हे. कोणी कोणत्या ओळी पाहायच्या, याचे अधिकार अहवालात वेगळे नेमावे लागतात आणि ते शोधचौकट बसवण्याआधी नेमले गेले पाहिजेत. किरकोळ ग्राहकांचे मोबाइल क्रमांक शोध-रकान्यात जोडणे तर मी टाळण्याचाच सल्ला देईन. २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानंतर अशा सोयीची जबाबदारी कंपनीवर येते, आणि शेवटच्या चार अंकांनी काम होत असेल, तर पूर्ण क्रमांक अहवालात आणण्याची गरज नाही.

ठाणे स्थानकाच्या परिसरात आणि वाशीत डेटा विश्लेषणाचे वर्ग आज जागोजागी चालतात आणि तिथून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना ऐरोली-महापे येथील संगणक कंपन्यांत कामेही मिळतात, ही समाधानाची गोष्ट आहे. या वर्गांच्या चालकांना माझी विनंती आहे की, त्यांनी सरावासाठी परदेशी दुकानांची नीटनेटकी माहिती देण्याऐवजी कधीतरी वाशी बाजारातील एखाद्या ठोक व्यापाऱ्याची खरी, ओबडधोबड यादी, अर्थातच त्याच्या परवानगीने आणि नावे बदलून, विद्यार्थ्यांसमोर ठेवावी. कोपरखैरणे चार तऱ्हांनी लिहिलेले, शून्य गळालेले आणि एकाच पार्टीचे तीन अवतार असलेले पाहिले की शोधचौकट ही शेवटी चिकटवायची वस्तू नाही, माहिती साफ करण्यापासून तिची तयारी करावी लागते, हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

उद्योजकांनी तर हे काम देतानाच लेखी मागावे. कोणत्या रकान्यांवर शोध हवा, जुळणी कुठेही चालेल की सुरुवातीपासून हवी, देवनागरी माहितीचे काय करायचे, गाळणीसाठी टाकलेला मजकूर शीर्षकात दिसेल का आणि काहीच न सापडल्यास काय दिसेल, इतक्या गोष्टी कामाच्या आदेशात एका परिच्छेदात मावतात. अहवाल ताब्यात घेण्याची चाचणीही मालकाच्या दालनात, मोठ्या पडद्यावर घेऊ नये. ती फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या टेबलावर, एखाद्या खऱ्या दुकानदाराचा फोन चालू असताना, त्याने सांगितलेल्या अर्ध्यामुर्ध्या नावावरून घ्यावी, आणि त्या कर्मचाऱ्याने एक्सेल न उघडता लेजर समोर आणल्यानंतरच बिलाचा शेवटचा हप्ता द्यावा.

आपला नम्र,
एक वाचक,
कोपरखैरणे, नवी मुंबई